गुरगुरणारी डबी स्वतः बनवू या!

मुलांनो, वरातीत किंवा गणपतीच्या मांडवात ‘फाटलेला’ कर्णा ऐकलाय ना? गाणं ओळखीचं असतं, पण आवाज कसा खरखरीत, चिरका येतो. मग कोणीतरी मोठं माणूस कानांवर हात ठेवून ओरडतं, “अरे, आवाज कमी करा रे, स्पीकर फाटतोय!”

आता गंमत ऐका. हाच फाटका आवाज मिळावा म्हणून जगभरातले गिटारवादक चांगले पैसे मोजतात! इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये ते एक छोटी डबी ठेवतात. पायाने तिचं बटण दाबलं की गोड वाजणारी गिटार एकदम वाघासारखी गुरगुरायला लागते. या डबीला म्हणतात ‘इफेक्ट पेडल’. दुकानात ती हजारो रुपयांना मिळते. पण सगळ्यात साधी डबी आपण घरी बनवू शकतो. त्यासाठी इंजिनियर असायची गरज नाही. आठवी-नववीतल्या मुलामुलींना ती नक्की जमते. सहावी-सातवीतल्यांनी घरातलं मोठं माणूस बरोबर घ्यावं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि फावल्या वेळात अशा डब्या जोडते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचं गाडं कुठे अडतं, ते मी पाहिलंय. म्हणून आज कृतीबरोबर युक्तीच्या चार गोष्टीही सांगणार आहे.

बिघाडातून लागला शोध

ही गोष्ट आहे अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातली. मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ नावाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. ग्रेडी मार्टिन हे वादक सहा तारांची बेस गिटार वाजवत होते. नेमका त्याच वेळी रेकॉर्डिंगच्या यंत्राचा एक भाग बिघडला आणि गिटारचा आवाज भुंग्यासारखा घोंघावत बाहेर आला. दुसरं कोणी असतं तर तो तुकडा पुसून टाकला असता. पण या मंडळींनी तो गाण्यात तसाच ठेवला. १९६१ साली ते गाणं खूप गाजलं आणि इतर कलाकारही ‘आम्हालाही तोच आवाज हवा’ म्हणू लागले.

पण आता पंचाईत झाली. बिघडलेला भाग तोवर पुरता निकामी झाला होता! मग तिथले तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किटच तयार केलं. रेव्हिस हॉब्स यांनी त्यांना मदत केली. त्यात तीन ट्रान्झिस्टर होते. गिब्सन कंपनीने १९६२ साली ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला आणलं. सुरुवातीला त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. १९६५ साली इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या बँडने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ते वापरलं आणि मग या डब्यांवर लोकांच्या उड्या पडल्या.

पाहिलंत? यंत्र बिघडलं तेव्हा ‘असं का झालं?’ हा प्रश्न विचारणारा माणूस तिथे होता, म्हणून ही डबी जन्माला आली.

डबीच्या पोटात काय चालतं?

गिटारची तार छेडली की ती थरथरते. तारेखाली लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. तिला पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकापुढे थरथरली की त्या तांब्याच्या तारेत वीज निर्माण होते. पण किती? साधारण एका व्होल्टचा दहावा भाग. म्हणजे अगदी चिमूटभर.

या चिमूटभर विजेला मोठं करतो ट्रान्झिस्टर. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला. त्याला तीन पाय असतात. त्यांची नावं कलेक्टर, बेस आणि एमिटर. ट्रान्झिस्टर म्हणजे पाण्याच्या नळाची चावी समजा. चावी बोटाने जराशी फिरवली तरी पाण्याची मोठी धार कमी-जास्त होते. तसं बेसवर आलेल्या बारीकशा विजेने कलेक्टरकडून एमिटरकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. आपल्या डबीत गिटारचा आवाज जवळजवळ वीसपट मोठा होणार आहे.

मग आवाज फाटतो कसा? मोठ्या झालेल्या लाटेच्या वाटेत आपण डायोड नावाचे दोन छोटे भाग ठेवतो. ते लाटेला ०.६ व्होल्टच्या आसपासच अडवतात. पोटमाळ्याखाली उंच उड्या मारणाऱ्या मुलाचं डोकं छताला आपटतं ना, तसंच हे! लाटेचा गोल माथा कापला जाऊन सपाट होतो. माथा सपाट झाला की मूळ सुराबरोबर त्याचे कितीतरी वरचे सूर निर्माण होतात. तेच आपल्याला ‘गुरगुर’ म्हणून ऐकू येतात.

आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी लावतात, ठाऊक आहे? घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी बसला की साधी ‘टुंग’ वाजणारी तार भरून, झंकारून वाजायला लागते. तिथेही वरचे सूर जागे होतात. मिरजेचे कारागीर दोऱ्याने आणि घोडी घासून ते साधतात. आपण डायोडने साधणार आहोत. रीत वेगळी, पण कान शोधतात ते वरचे सूरच.

साहित्य

अमेरिकेतल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या शेवटी एलपीबी-१ नावाची एकाच ट्रान्झिस्टरची डबी काढली होती. आपली जोडणी त्याच धाटणीची आहे. फक्त आपल्या बाजारात सहज मिळतील असे भाग घेतले आहेत. वहीत यादी लिहून घ्या.

१. ट्रान्झिस्टर बीसी ५४७. एक पुरे, पण दोन घ्या.
२. रेझिस्टर चार: ४७० किलो-ओहम (पिवळा-जांभळा-पिवळा), ४७ किलो-ओहम (पिवळा-जांभळा-नारिंगी), १० किलो-ओहम (तपकिरी-काळा-नारिंगी) आणि ३९० ओहम (नारिंगी-पांढरा-तपकिरी). कंसातले रंग चार पट्ट्यांच्या रेझिस्टरचे आहेत. चौथी पट्टी बहुधा सोनेरी असते. पाच पट्ट्यांचा रेझिस्टर मिळाला तर रंग वेगळे दिसतील, तेव्हा तो मल्टिमीटरने मोजून घ्या.
३. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे दोन. त्यांच्यावर ‘१०४’ असा आकडा छापलेला असतो.
४. डायोड १एन४१४८, दोन.
५. १०० किलो-ओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजे फिरवायचं बटण.
६. गिटारच्या जाड पिनेचे सॉकेट दोन (पाव इंची).
७. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी.
८. एक ब्रेडबोर्ड, थोडी बारीक वायर आणि एक साधा मल्टिमीटर.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात हे सगळं मिळेल. तुमच्या गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असेल तर आधी तिथे विचारा. त्या काकांकडे यातलं बरंचसं सापडतं आणि चार कामाच्या गोष्टीही फुकट शिकायला मिळतात. जोडणीतले छोटे भाग दोन-पाच रुपयांपासून मिळतात. जास्त पैसे जातात ते सॉकेट, ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटरला. पण ते एकदा घेतले की पुढच्या दहा डब्यांना चालतात.

सुरू करण्याआधी तीन नियम

पहिला नियम: आपली डबी फक्त नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची. भिंतीतल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. ते जीव घेऊ शकतात. प्लगमधून आलेली वायर आपल्या जोडणीला कधीही लावायची नाही. अ‍ॅम्प्लिफायरचं खोकंही उघडायचं नाही, अगदी बंद असलं तरी. काही अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात प्लग काढल्यावरही वीज साठलेली असते.

दुसरा नियम: बॅटरीची दोन टोकं एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत. चिकटली तर बॅटरी आणि वायर तापतात. खिशात नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर बॅटरी ठेवणं हे त्यासाठीच धोक्याचं.

तिसरा नियम: काहीही जोडण्याआधी किंवा काढण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर न्यायचा. मग हळूहळू वाढवायचा. कानात हेडफोन घालून चाचणी करायची नाही. आपली डबी आवाज वीसपट करते, हे विसरू नका. कान एकदा अधू झाले की ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. ना गिटार नीट ऐकू येते, ना आईची हाक.

कृती

ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची प्लॅस्टिकची पाटी. पूर्वीचे रेडिओ बनवणारे हौशी लोक पाव कापायच्या लाकडी पाटावर खिळे ठोकून जोडणी करत, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे हा शोध लागला असता तर नाव ‘पोळपाट’ पडलं असतं! यावर सोल्डर करावं लागत नाही. भोकात पाय खुपसला की जोड तयार. चुकलं तर उपटून दुसरीकडे लावायचं. म्हणून पहिली जोडणी नेहमी इथेच करायची.

पाटीच्या कडेला लांब पट्ट्या असतात. लाल पट्टीला बॅटरीचं अधिक टोक आणि काळ्या किंवा निळ्या पट्टीला उणे टोक जोडायचं ठरवा. उण्याच्या पट्टीला आपण ‘काळी पट्टी’ म्हणू. बॅटरी मात्र शेवटीच लावायची.

पाऊल १: ट्रान्झिस्टरची सपाट बाजू स्वतःकडे आणि पाय खाली धरा. आता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. तिन्ही पाय पाटीवरच्या तीन वेगवेगळ्या ओळींत खोचा.

पाऊल २: ४७० किलो-ओहमचा रेझिस्टर लाल पट्टीपासून बेसपर्यंत. ४७ किलो-ओहमचा बेसपासून काळ्या पट्टीपर्यंत.

पाऊल ३: १० किलो-ओहमचा रेझिस्टर लाल पट्टीपासून कलेक्टरपर्यंत.

पाऊल ४: ३९० ओहमचा रेझिस्टर एमिटरपासून काळ्या पट्टीपर्यंत.

पाऊल ५: गिटारकडून येणाऱ्या सॉकेटच्या टोकाची (म्हणजे पिनेच्या शेंड्याला टेकणारी) वायर एका कपॅसिटरला आणि कपॅसिटरचा दुसरा पाय बेसला. सॉकेटच्या बाहेरच्या भागाची वायर काळ्या पट्टीला.

पाऊल ६: दुसरा कपॅसिटर कलेक्टरपासून व्हॉल्यूम कंट्रोलच्या कडेच्या एका पायाला. कंट्रोलच्या दुसऱ्या कडेचा पाय काळ्या पट्टीला. मधला पाय बाहेर जाणाऱ्या सॉकेटच्या टोकाला. या सॉकेटच्या बाहेरच्या भागाची वायरही काळ्या पट्टीला.

आता एकेका पावलावर बोट ठेवून सगळं पुन्हा तपासा. शक्य असेल तर भावंडाला किंवा मित्राला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही पाटीवर बघा. मग बॅटरी लावा. अ‍ॅम्प्लिफायर शून्यावर. गिटार छेडा, आवाज हळूहळू वाढवा. गिटार नेहमीपेक्षा दणदणीत वाजली? शाब्बास! बटण उलटं फिरत असेल, तर कंट्रोलच्या कडेच्या दोन पायांच्या वायरी अदलाबदल करा.

पाऊल ७: आता गुरगुर आणायची. बॅटरी काढा. दोन डायोड घ्या. प्रत्येकाच्या एका टोकाला काळा पट्टा असतो. दोन्ही डायोड व्हॉल्यूम कंट्रोलच्या त्या पायापासून (जिथे कपॅसिटर आला आहे) काळ्या पट्टीपर्यंत लावा. पण एकाचा पट्टा वर आणि दुसऱ्याचा खाली, म्हणजे एकमेकांच्या उलट. एक डायोड लाटेचा वरचा माथा कापतो, दुसरा खालचा. बॅटरी लावा आणि छेडा तार!

वाजलंच नाही तर?

मुलांनो, पहिल्याच फटक्यात डबी वाजली नाही तर नाराज होऊ नका. बहुतेकांची वाजत नाही. इथेच पुष्कळ मुलं सगळं उपटून खोक्यात टाकतात आणि ‘मला जमत नाही’ म्हणून मोकळी होतात. पण खरी मौज इथून पुढे आहे. डॉक्टर काय करतात? आधी नाडी बघतात, मग ताप. एकदम ऑपरेशन नाही करत. आपणही तसंच क्रमाने जायचं.

आधी डबी बाजूला ठेवून गिटार थेट अ‍ॅम्प्लिफायरला लावा. वाजली? म्हणजे वायर आणि अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहेत.

मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. त्याची काळी सळई काळ्या पट्टीवर धरा आणि लाल सळईने मोजा. लाल पट्टीवर नऊच्या आसपास हवेत. साडेसातपेक्षा कमी असतील तर बॅटरी बदला. बेसवर साधारण पाऊण व्होल्ट हवा. एमिटरवर ०.१ ते ०.२. कलेक्टरवर चार ते सहाच्या मध्ये.

कलेक्टरवर जवळजवळ नऊ दिसले, तर ट्रान्झिस्टरमधून वीज वाहतच नाही असं समजा. त्याचे पाय उलटे लागले असतील किंवा ४७० किलोचा अथवा ३९० ओहमचा रेझिस्टर सुटा असेल. कलेक्टरवर एकापेक्षाही कमी दिसलं, तर वीज जास्त वाहते आहे. ४७ किलोच्या रेझिस्टरचा जोड तपासा.

आणि व्होल्ट सगळे बरोबर, तरी आवाज नाही? मग आवाज कुठे हरवला ते कानाने शोधा. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी वायर बाहेरच्या सॉकेटच्या टोकापासून सोडवा आणि तिला एक जादा ‘१०४’ कपॅसिटर जोडा. त्याचा मोकळा पाय आधी गिटारच्या सॉकेटला टेकवा, मग बेसला, मग कलेक्टरला. तेव्हा एकाने गिटार वाजवत राहायचं. ज्या जागेपर्यंत आवाज येतो आणि ज्या जागेनंतर येत नाही, त्या दोन जागांच्या मध्ये चोर लपलेला आहे!

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता नववीत आहे. भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे साठवून तिने सगळे भाग आणले. एका परदेशी आकृतीवरून डबी जोडली. पण आवाज इतका बारीक की डबी नसलेली बरी! घरी आत्या म्हणाली, “मुलीच्या जातीला कशाला हवे हे उद्योग? पैसे गेले ना पाण्यात!” पोर रडवेली होऊन डबी घेऊन आली. मी तिला उत्तर सांगितलं नाही. मल्टिमीटर हातात दिला आणि म्हटलं, “तू मोज, मी लिहिते.” बेस ठीक होता. कलेक्टरवर मात्र ८.८. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा ८.८. मग बराच वेळ ती नुसती आकृतीकडे आणि ट्रान्झिस्टरकडे आळीपाळीने बघत बसली. एकदम म्हणाली, “बाई, आकृतीतला ट्रान्झिस्टर दुसराच आहे! त्याचे पाय उलट्या क्रमाने आहेत!” खरंच होतं. आकृतीत २एन५०८८ होता आणि तिने आणला होता बीसी ५४७. पहिल्याचा एमिटर डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. तिने ट्रान्झिस्टर उपटला, अर्धा फिरवला, पुन्हा खोचला. पुढच्या क्षणाला खोलीतली भांडी थरथरली! आता तिच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘आधी पाय ओळखा.’ तुम्हीही लिहा.

पाटीवरून डबीत

पाटीवर मनासारखं वाजलं की मगच सोल्डरिंग. भोकांचा साधा ‘झीरो पीसीबी’ आणि २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. त्याचं टोक तीनशे अंशांच्याही वर तापतं, तेव्हा शेजारी मोठं माणूस हवंच. खिडकी उघडी ठेवा, धुराच्या थेट वर वाकू नका, डोळ्यांवर चष्मा घाला. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसं असतं. म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मधे काहीही खायचं नाही.

जोड देताना नवखी मुलं सोल्डर टोकावर वितळवून मग जोडाला फासतात. तसं नको. आधी टोक पायाला आणि तांब्याच्या ठिपक्याला एकदम टेकवून दोन-तीन सेकंद तापवा. मग सोल्डरची तार जोडाला लावा, टोकाला नाही. चांगला जोड चकचकीत, छोट्या टेकडीसारखा दिसतो. भुरकट गोळा दिसला तर तो कच्चा जोड. आज वाजेल, उद्या दगा देईल. तो पुन्हा तापवा.

डबी धातूची घ्या. प्लॅस्टिकच्या डबीत घरातल्या विजेची ‘घुंऽऽ’ अशी घरघर शिरते. धातूची डबी ती बाहेरच अडवते, पण त्यासाठी डबी काळ्या वायरीला जोडलेली हवी. धातूचं सॉकेट डबीला घट्ट बसवलं की ते काम बहुधा आपोआप होतं. अ‍ॅल्युमिनियमचा जुना डबा उत्तम, कारण त्याला भोक पाडणं सोपं. स्टीलला ते जड जातं. भोकं पाडायचं काम मोठ्यांकडे द्या आणि त्यांच्या कडा कानसीने घासून घ्या, नाहीतर बोट कापेल. आत तळाला चिकटपट्टी लावा, म्हणजे जोड डबीला टेकून गडबड व्हायची नाही.

आणखी एक युक्ती. गिटारकडच्या बाजूला तीन जोडांचं ‘स्टिरिओ’ सॉकेट वापरा. बॅटरीचं उणे टोक त्याच्या मधल्या जोडाला लावा आणि काळी वायर बाहेरच्या जोडाला. गिटारची साधी पिन आत गेली की हे दोन्ही जोड आपोआप एकमेकांना मिळतात आणि डबी चालू होते. पिन काढली की बंद. वेगळं बटण नको आणि बॅटरी विसरून संपायला नको. तशी ही डबी फारच मितभाषी आहे. तिला अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास वीज लागते. बॅटरीत साधारण ४०० मिलिअँपिअर-तास असतात. किती तास चालेल? गणित तुम्हीच करा!

आता तुमचे प्रयोग

डबी वाजली की तिच्याशी खेळा. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. डायोडच्या जागी दोन लाल एलईडी उलटसुलट लावून बघा. ते लाटेला जास्त उंचीवर कापतात, त्यामुळे आवाज मोठा आणि फाटणं कमी. गिटारकडच्या ‘१०४’ कपॅसिटरच्या जागी ‘१०३’ लावा. खर्ज कमी होऊन गिटार धारदार वाजेल. दोन्हीऐवजी एकच डायोड ठेवला तर काय होतं? ते मी सांगणार नाही, तुमचे कान सांगतील.

इलेक्ट्रिक गिटारच नाही? हरकत नाही. साध्या गिटारच्या किंवा तुणतुण्याच्या अंगाला पिवळी, गोल पिझो चकती चिकटपट्टीने लावा आणि तिच्या वायरी गिटारच्या सॉकेटला जोडा. ही चकती दहा-वीस रुपयांत मिळते. खर्ज थोडा कमी येईल, पण गुरगुरणारं तुणतुणं तुमच्या गावात पहिलंच असेल!

दोन शब्द आई-बाबांशी

पालकहो, मुलांना हे करू द्यावं का, असं तुमच्या मनात येईल. इंग्लंडमध्ये ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला महागडी गिटार परवडत नव्हती. १९६३ साली त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून ती घरीच बनवायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, असं सगळं वापरलं. त्याला जवळजवळ दोन वर्षं लागली. पुढे तीच गिटार तो क्वीन या बँडमध्ये वाजवू लागला. त्या बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेले, बरं का! ब्रायन मे यांनी शिक्षणही सोडलं नाही. २००७ साली त्यांनी खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली.

प्रत्येक मूल बँडमध्ये जाणार नाही, जायला हवं असंही नाही. पण न वाजणारी डबी समोर ठेवून जे मूल शांतपणे मोजत बसतं, ते गणिताच्या पेपरातही अडलेल्या उदाहरणापुढून लगेच उठत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. तेव्हा गरम सोल्डरिंग आयर्न आणि भोकं पाडायचं यंत्र यांच्याजवळ तुम्ही नक्की बसा. चूक शोधायचं काम मात्र मुलांनाच करू द्या.

तर मुलांनो, येत्या रविवारी पहिलं काम कोणतं? लगेच बाजारात धावायचं नाही हं. वरची पावलं वाचून जोडणीची आकृती आपल्या हाताने वहीत काढायची. लाल पट्टी वर, काळी पट्टी खाली, मधे तीन पायांचा ट्रान्झिस्टर. मग पावलं पुन्हा वाचायची आणि आकृतीशी ताडून बघायची. सगळं जुळलं की साहित्याची यादी घेऊन निघा दुकानाकडे.